निऑन टेट्रा एकेक करून मरत असतील तर आधी तारीख बघा

निऑन टेट्रा पाळणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. दहा-बारा मासे आणले, आठवड्यात दोन गेले, महिनाभरात निम्मे उरले. टँक रिकामा वाटतो म्हणून आणखी सहा आणले. तेही गेले आणि जाताना जुन्यांतले दोघे-तिघे घेऊन गेले. पाणी स्वच्छ दिसतं, फिल्टर चालू आहे, खाणं वेळेवर पडतं. मग दुकानातून एखादं निळं औषध येतं, त्याने काही होत नाही, आणि शेवटी 'निऑन नाजूकच असतात हो' म्हणून विषय संपतो.

तो तिथे संपवू नये. नीट ठेवलेला निऑन पाच वर्षं आणि त्याहूनही जास्त जगतो. दुकानात आपण घेतो ते दीड-दोन सेंटीमीटरचं पिल्लू असतं, त्याची वाढ अजून व्हायची असते. ते तीन महिन्यांत मरत असेल तर त्याला काहीतरी कारण असतं, आणि ते बहुतेक वेळा सापडतं.

फक्त ते मेलेल्या माशाकडे बघून सापडत नाही. इतक्या लहान माशाच्या अंगावर फारसं काही दिसत नाही. कारण सापडतं ते वेळेत: आणल्यापासून कितव्या दिवशी गेला, पाणी बदलल्यापासून किती तासांनी, पहाटे की दुपारी, कोणत्या महिन्यात. म्हणून स्वयंपाकघरात दुधाचा हिशेब लिहायचं कॅलेंडर असतं त्यावरच लिहायला लागा. पाणी बदललं, फिल्टर धुतला, मासा गेला, टँकर आला, पेस्ट कंट्रोल झालं, सगळं. पाच-सहा नोंदी झाल्या की बहुतेक वेळा एक साखळी दिसायला लागते.

आणि कारण सापडेपर्यंत नवा मासा आणू नका. हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण चारच निऑन उरलेला टँक बघवत नाही. पण प्रत्येक नवी पिशवी टँकमधल्या अमोनियात भर घालते आणि सोबत नवा रोगही आणू शकते. मग कोण कशाने गेलं ते कळायची शक्यता उरत नाही.

आत्ता या क्षणी मासे धापा टाकत असतील तर

मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडून राहिले असतील किंवा कल्ले भराभर हलत असतील तर पुढचं नंतर वाचा. एअर पंप लावा, फिल्टरच्या पाण्याची धार वर घेऊन पृष्ठभाग हलता ठेवा. टँकइतक्याच गरम-गार पाण्यात अँटिक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं द्रावण) घालून पाव ते तृतीयांश पाणी बदला. एक दिवस खाणं बंद. औषध कुठलंही घालू नका; बरीचशी औषधं पाण्यातला प्राणवायू आणखी कमी करतात किंवा फिल्टरमधले जिवाणू मारतात.

अपवाद एकच. त्या टँकचं पाणी कित्येक महिन्यांत बदललेलं नसेल तर एकदम तृतीयांश बदलू नका. एक दशांश बदला, पाच-सहा तासांनी पुन्हा एक दशांश. असं का, ते खाली येईलच.

आणल्यापासून तीन दिवसांत गेले

हा बहुतेकदा प्रवासाचा मार असतो. निऑन मूळचा दक्षिण अमेरिकेतला, ॲमेझॉन खोऱ्याच्या पश्चिम भागातला. पालापाचोळ्याने तपकिरी झालेल्या, अतिशय मऊ, म्हणजे फार कमी क्षारांच्या, पाण्याच्या ओढ्यांत राहणारा. १९३४ साली पेरूमध्ये तो संग्राहकांच्या हाती लागला आणि १९३६ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं. आज बाजारात मिळणारे निऑन मात्र जवळजवळ सगळे मत्स्यपालन केंद्रांत वाढवलेले असतात, त्यामुळे मध्यम जड पाणीही त्यांना चालतं. त्यांना चालत नाही तो अचानक बदल. केंद्रातून घाऊक व्यापाऱ्याकडे, तिथून कुर्ल्यासारख्या बाजारात, तिथून तुमच्या गल्लीतल्या दुकानात, आणि मग तुमच्याकडे. प्रत्येक टप्प्यावर पाणी बदलतं आणि पिशवी घाण होऊ नये म्हणून उपास घडतो.

दुकानात माल कधी आला ते विचारा. कालच आला असेल तर थांबा. आठवडाभर दुकानदाराच्या पाण्यात तरलेले मासे घ्या, दोन पैसे जास्त पडले तरी. त्या टँकमध्ये एकही मेलेला किंवा कोपऱ्यात एकटा उभा असलेला मासा असेल तर त्या टँकमधला मासा घेऊ नका, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी. काचेला डोळा लावून पोट बघा: डोक्यामागे पोट आत गेलेलं असेल तर तो मासा बऱ्याच दिवसांचा उपाशी आहे. निळी पट्टी डोळ्यापासून शेपटीकडे अखंड जायला हवी. मध्येच पांढरट, दुधाळ तुकडा दिसला तर ती पिशवी नको.

घरी आणल्यावर पिशवी पाण्यात तरंगत ठेवणं सगळ्यांना माहीत असतं. त्यापुढचं जरा नीट समजून घ्यायला हवं. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाणी आम्लधर्मी होतं. त्याच पाण्यात अमोनियाही साठत असतो, पण आम्लधर्मी पाण्यात तो फारसा विषारी नसलेल्या रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच (पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा; आम्लता कमी झाली की तो वाढतो) चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून मासे रात्रभराच्या कुरियरने आले असतील तर पिशवी उघडून दोन तास थेंब थेंब पाणी सोडत बसणं घातक. तापमान जुळवा, पिशवी उघडा आणि मासे जाळीने उचलून लगेच टँकमध्ये सोडा. जवळच्या दुकानातून अर्ध्या-पाऊण तासात आणले असतील तर मात्र अर्धा तास थोडं थोडं पाणी मिसळून सवय करणं योग्य. दोन्ही वेळी पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये ओता, टँकमध्ये नाही.

एक स्वस्त टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारं यंत्र, खिशात ठेवा. दुकानातलं पाणी १५० आणि तुमचं ७०० असेल तर निऑनच्या शरीराला एका झटक्यात तो फरक पेलवत नाही. कुरियरने मागवताना विक्रेत्याला त्याच्या पाण्याचा आकडा विचारा आणि वेगळ्या टबमधलं पाणी आधीच त्याच्या जवळपास आणून ठेवा. मग दोन आठवड्यांत हळूहळू ते तुमच्या पाण्याकडे न्या.

टँक नवा आहे, पहिला महिना

इथे फारसं शोधत बसायची गरज नाही. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विष, नायट्रेट बरंच सौम्य. हे जिवाणू स्पंजवर आणि खड्यांवर वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टँक शनिवारी भरला आणि रविवारी निऑन सोडले तर त्यांना ते आठवडे विषात काढावे लागतात. गप्पी किंवा मॉली यातून निभावतात, निऑन बहुधा नाही.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे ओळखीच्या कुणाच्या जुन्या, निरोगी टँकमधला वापरलेला स्पंज मागून आणणं आणि तो ओला ठेवूनच तुमच्या फिल्टरमध्ये घालणं. तसं कुणी नसेल तर टँकमध्ये मासे न सोडता रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकत राहा आणि अमोनियाचं टेस्ट किट आणा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावरच निऑन.

मासे आधीच सोडले असतील तर रोज पाव पाणी बदलणं आणि खाणं निम्म्यावर आणणं एवढंच हातात आहे. नायट्राइट वाढलेलं असेल तर दहा लिटरला एक ग्रॅम या हिशेबाने खडे मीठ विरघळवून घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांवाटे रक्तात शिरू देत नाही. एवढ्या मिठाने टेट्राला किंवा झाडांना काही होत नाही.

पाणी बदललं की एखादा जातो

जुन्या टँकमध्ये सर्वांत जास्त निऑन याच वाटेने जातात, आणि कॅलेंडरवर लिहिलं नाही तर हे कळतच नाही, कारण मासा त्याच दिवशी मरतो असं नाही. दोन-तीन दिवसांनी मरतो.

डोंबिवलीत माझ्या मावशीकडे दोन फुटी टँक आहे. दर महिन्याला निऑन मरायचे. तिची पद्धत आपल्याकडच्या पुष्कळ घरांत असते तीच: महिन्यातून एकदा मासे बादलीत, टँक पूर्ण रिकामा, खडे नळाखाली खळखळ धुवायचे, स्पंज साबण न लावता पण पिळून पिळून पांढरा करायचा, सगळं उन्हात वाळवायचं आणि ताजं पाणी भरायचं. मी म्हटलं, मावशी, हे धुणंच बंद कर. ती म्हणाली, "अरे, पण घाणीत कसे जगतील ते?" तिचा प्रश्न रास्त होता. ती ज्याला घाण समजून धूत होती त्या तपकिरी बुळबुळीत थरातच अमोनिया पचवणारे जिवाणू होते. दर महिन्याला टँक पुन्हा पहिल्या दिवसावर जात होता. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि ऊन या दोघांपुढे ते टिकत नाहीत.

आता ती दर आठवड्याला बादलीभर पाणी नळीने काढते, नळीचं तोंड खड्यांत खुपसून तळातली घाण ओढून घेते, आणि तेवढंच नवं पाणी भरते. स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच दोनदा दाबायचा आणि परत लावायचा. तो तपकिरीच राहतो, राहू द्यायचा. टँकमध्ये फिल्टर दोन असतील तर दोन्ही एकाच दिवशी धुवायचे नाहीत.

पाणी थोडंच बदलूनही मासे जात असतील तर आत येणाऱ्या पाण्याकडे वळा. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि पावसाळ्यात बऱ्याच ठिकाणी त्याचं प्रमाण वाढवतात. पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवलं, त्यात एअर स्टोन सोडला, तर साधं क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर अँटिक्लोरीन, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, फोटोवाले ज्याला हायपो म्हणायचे तेच. आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही: सोसायटीची गच्चीवरची टाकी साफ करतात तो दिवस. त्यात ब्लीचिंग पावडर पडते आणि पुढचे एक-दोन दिवस नळाच्या पाण्याला वास येतो. खालच्या सूचना फलकावर टाकी साफ करण्याची तारीख लागते, ती कॅलेंडरवर उतरवून घ्या आणि त्यापुढचे दोन-तीन दिवस टँकच्या पाण्याला हात लावू नका.

उन्हाळ्यात टँकर सुरू होतो. मुंबई-पुण्याकडचं धरणाचं पाणी मऊ असतं, तर दख्खनच्या काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी. टीडीएस पाचशेच्या वर सर्रास. वर्षभर मऊ पाण्यात राहिलेल्या निऑनवर एप्रिलमध्ये अर्धी बादली बोअरचं पाणी पडलं की दोन दिवसांत कुणीतरी तळाशी आडवा दिसतो. टीडीएस मीटर इथे पुन्हा कामाला येतो. पाणी भरायच्या आधी बादलीत बुडवून बघायची सवय लावून घ्या. आकडा टँकपेक्षा बराच वर असेल तर त्यात आरओचं पाणी मिसळून खाली आणा. पण नुसतंच आरओचं पाणी टँकमध्ये भरू नका. त्यात खनिजं जवळजवळ नसतात, आणि ती नसली की काय होतं ते पुढच्या प्रकारात दिसतं.

समजा तुमचं पाणी मऊ आहे आणि टँक बऱ्याच दिवसांचा आहे. पाणी उडालं तेवढं वरून भरता, बदलत नाही. मासे छान आहेत. जिवाणू अमोनिया पचवताना आम्ल तयार करतात आणि ते आम्ल पाण्यातलं कार्बोनेट संपवत जातं. मऊ पाण्यात ते मुळातच थोडं. ते संपलं की पीएच सहाच्या खाली घसरतो, जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साठायला लागतो. पण आम्लधर्मी पाण्यात तो अमोनियमच्या रूपात असल्याने मासे तरून राहतात. मग घरात पाहुणे येणार म्हणून एके दिवशी तुम्ही अर्धं पाणी बदलता. पीएच एकदम साडेसातवर जातो आणि साठलेल्या अमोनियातला बराच भाग काही मिनिटांत विषारी होतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या वर, म्हणजे जवळपास दसपट. संध्याकाळपर्यंत मासे धापा टाकतात आणि दोष 'नव्या पाण्याला' जातो. वर ज्या टँकचं पाणी हळूहळू बदलायला सांगितलं तो हाच.

अशा टँकसाठी थोडं थोडं पण नियमित पाणी बदलणं आणि फिल्टरमध्ये मूठभर धुतलेल्या शिंपल्यांची पुरचुंडी ठेवणं पुरतं. शिंपले हळूहळू विरघळून कार्बोनेट देत राहतात. कोकणातल्या माणसाला ते विकत घ्यावे लागणार नाहीत. पीएच वाढवायच्या किंवा कमी करायच्या बाटल्या मी कुणालाच सुचवत नाही. त्या आकडा आज बदलतात, उद्या तो परत जातो, आणि निऑनला स्थिर ७.६ चालतो पण रोज वरखाली होणारा ६.५ चालत नाही.

पहाटे मेलेला सापडतो, किंवा मे महिन्यातच मरतात

झाडं दिवसा प्राणवायू देतात आणि रात्री तीही तो वापरतात. झाडांनी गच्च भरलेल्या टँकमध्ये पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. पहाटे मासे पृष्ठभागाशी आणि दहा वाजेपर्यंत नेहमीसारखे, असं दिसलं तर रात्री एअर पंप चालू ठेवा. झाडांना कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर तो दिवे बंद होण्याआधीच बंद व्हायला हवा.

उन्हाळ्यात यात तापमानाची भर पडते. निऑनला २१ ते २६ अंश मानवतं. ठाण्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये मे महिन्यात टँक सहज ३२ वर जातो. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३२ ला सव्वासात. तिकडे माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढलेले असतात. टँकचं झाकण उघडून त्यावर जाळी टाका आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. बाष्पीभवनाने पाणी दोन ते चार अंश उतरतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत हे फार चांगलं चालतं, मुंबईच्या दमट हवेत कमी. पाणी मात्र झपाट्याने उडतं आणि खनिजं मागे राहतात, म्हणून रोजची भर आरओच्या किंवा मऊ पाण्याची घाला. बर्फाचे खडे टाकणं टाळा. तापमान तासाभरात खाली-वर होतं आणि ते उकाड्याहून वाईट. दुपारी दिवे बंद ठेवले तरी फरक पडतो.

लोडशेडिंग असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप हवाच. वीज बराच वेळ गेली तर बंद डब्याच्या फिल्टरमध्ये पाणी अडकून आतले जिवाणू गुदमरतात, आणि वीज आल्यावर तो सडका घोट थेट टँकमध्ये जातो. तो आधी उघडून टँकच्या पाण्यात खळखळून घ्या, मग चालू करा. साध्या स्पंज फिल्टरला हा धोका कमी, म्हणून खेड्यापाड्यात मी तोच सुचवतो.

नाशिक-नागपूरकडे डिसेंबरच्या रात्री उलटं होतं. टँक १७-१८ वर उतरतो आणि पाठोपाठ पांढरे ठिपके येतात. पन्नास लिटरला पन्नास वॅटचा हीटर २४ वर लावून ठेवा. ठिपक्यांचं औषध देताना डब्यावरच्या निम्म्या मात्रेने सुरू करा, टेट्राला मॅलाकाइट ग्रीन पूर्ण मात्रेत झेपत नाही.

पाणी ठीक, तरीही अधूनमधून एक जातो

आता कुठे रोगाचा विचार करायचा. 'निऑन टेट्रा डिसीज' हे नाव इंटरनेटवर इतकं ऐकू येतं की प्रत्येक मृत्यू त्याच्या खात्यावर टाकला जातो. तो खरा रोग आहे. प्लेइस्टोफोरा नावाच्या सूक्ष्म परजीवीमुळे होतो, स्नायूंत वाढतो, आणि त्यावर उपाय नाही. लक्षणं सावकाश येतात: मासा थवा सोडून एकटा फिरतो, रात्री सगळे स्थिर असताना हा अस्वस्थ असतो, पट्टीच्या एखाद्या भागाखालचं मांस दुधाळ होतं, पुढे पाठीचा कणा वाकतो. तो पसरतो मुख्यतः मेलेला मासा इतरांनी कुरतडल्याने. म्हणून असा मासा दिसला की वेगळा करा, आणि रोज सकाळी मासे मोजा. एक कमी असेल तर झाडांच्या मुळाशी आणि फिल्टरमागे शोधून काढाच, 'सापडेल नंतर' म्हणून सोडू नका.

पांढरा डाग एका दिवसात वाढला, तोंडाशी कापसासारखा थर आला किंवा पाठीवर राखाडी पट्टा पसरला, आणि मासा दोन दिवसांत गेला, तर तो बहुधा हा परजीवी नव्हे. कॉलम्नॅरिस नावाचा जिवाणूजन्य आजार असू शकतो. उकाड्यात तो फार झपाट्याने पसरतो. त्यावर प्रतिजैविकं आहेत, पण ती माशांच्या डॉक्टरांना विचारून, वेगळ्या टबमध्ये. मुख्य टँकमध्ये ओतली तर फिल्टरचे जिवाणूही जाण्याची भीती.

आणि एक भीती मनातून काढून टाका. रात्री दिवा लावून पाहिलं तर निऑन फिकट, जवळजवळ बेरंग दिसतो. पट्टी जांभळट होते, लाल रंग पुसल्यासारखा. हा आजार नाही. ती निळी चमक रंगाची नसून त्वचेतल्या सूक्ष्म स्फटिकांवरून परतणाऱ्या प्रकाशाची आहे, आणि अंधारात मासा ती मिटवतो. दिवा लावल्यावर थोडा वेळ शांत बसून बघा: आधी डोळ्यापाशी निळसर ठिणगी येते, मग ती मागे सरकत जाते, आणि सर्वांत शेवटी शेपटीकडचा लाल भरतो. अर्ध्या-एक तासानंतरही ज्याचा रंग परतत नाही तोच मासा तपासा.

एका रात्रीत सगळे

हा रोग नसतोच. खोलीत काय फवारलं ते आठवा. डासांच्या लिक्विड मशिनमधली, कॉइलमधली आणि झुरळांच्या स्प्रेमधली कीटकनाशकं माशांसाठी अतिशय विषारी असतात, आणि एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. मशिन त्याच प्लगपट्टीवर, पंपाशेजारी लावलेलं मी कितीतरी घरांत बघितलं आहे. पंप आणि मशिन वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. पेस्ट कंट्रोल किंवा दिवाळीआधीचं रंगकाम असेल तर टँक प्लास्टिकने झाका आणि पंप बाहेरच्या हवेवर घ्या. हाताला ओडोमॉस लावून टँकमध्ये हात घालायचा नाही, हे लहान मुलांनाही सांगून ठेवा.

संख्या, शेजारी आणि पोट

तीन-चारच्या गटात निऑन सतत भेदरलेला राहतो, खात नाही, आणि मग कुठल्याही लहान कारणाने जातो. किमान आठ, जागा असेल तर बारा-पंधरा. दोन फूट बाय एक बाय एक टँकमध्ये खडे वगैरे धरून पंचेचाळीस लिटर पाणी मावतं, त्यात दहा-बारा निऑन आणि तळाला चार-पाच लहान कोरीडोरास (तळाशी फिरणारे शांत मासे) इतपत ठीक. गोल भांड्यात एकही नको.

एंजल मासा लहान असताना निऑनसोबत शहाण्यासारखा वागतो, मोठा झाला की एकेक गिळतो. मृतदेह सापडत नाही आणि संख्या घटत जाते, असं होत असेल तर आधी एंजलकडे बघा. टायगर बार्ब आणि सर्पी टेट्रा पर कुरतडतात.

निऑनचं तोंड फार लहान असतं. बाजारातले सर्वसाधारण गोल दाणे तो तोंडात घेतो आणि थुंकतो, आपल्याला वाटतं खातोय. अगदी बारीक दाणे घ्या किंवा फ्लेक बोटांत चुरून टाका. आठवड्यातून एक-दोनदा आर्टेमिया (कोळंबीसारखे अगदी बारीक जीव) किंवा डासांच्या अळ्या. नाल्यातले जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) नको. त्यांच्यासोबत काय काय येतं याचा भरवसा नाही.

पुन्हा आणताना

टँकमध्ये सलग चार आठवडे एकही मृत्यू नाही, अमोनिया-नायट्राइट शून्य, तेव्हाच. नवे मासे आधी वेगळ्या टबमध्ये ठेवा. वीस लिटरचा प्लास्टिकचा टब, मुख्य टँकमध्ये आधीपासून चालू असलेला एक स्पंज फिल्टर, लपायला झाडाची एखादी फांदी आणि देशी बदामाची दोन वाळलेली, धुतलेली पानं. ही पानं रस्त्याकडेला फुकट मिळतात, फक्त फवारणी झालेल्या बागेतली घेऊ नका. तीन-चार आठवडे तिथेच. रोगट मासा असेल तर बहुधा या काळात ओळखू येतो आणि जुना थवा वाचतो. टब काढल्यावर त्याची जाळी आणि नळी मुख्य टँकमध्ये वापरू नका, तिथल्या वेगळ्या ठेवा.

तुमच्याकडे उन्हाळ्यात पाणी ३० च्या खाली ठेवणं खरोखर जमत नसेल तर निऑनऐवजी कार्डिनल टेट्रा घ्या. दिसायला तसाच, फक्त लाल पट्टी पोटाखालून पूर्ण लांबीची. तो रिओ नेग्रोच्या गरम पाण्यातला, २८-२९ अंश त्याला सुखाने सोसतं. किंमत जास्त असते आणि पाणी निऑनपेक्षाही मऊ लागतं, त्यामुळे बोअरवाल्यांनी आरओ मिसळायची तयारी ठेवूनच तो आणावा. एंबर टेट्राही उकाडा बरा सहन करतो, आकाराने आणखी लहान आहे. रमीनोज टेट्रा घेतला तर त्याचा एक मोठा फायदा मिळतो: पाणी बिघडलं की इतर काही दिसायच्या आधी त्याच्या नाकाचा लाल रंग उतरतो, म्हणजे टेस्ट किट काढायची वेळ झाली हे तो मासाच सांगतो.